पुण्याचा जुना बाजार आणि इंद्रजालचे जुने अंक

पुण्याच्या मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी, जुन्या नाण्यांसाठी, हत्यारांसाठी आणि यंत्रांच्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो. कॉमिक्सचे जुने अंक शोधायला तिथे कोणी जात असेल, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मी मात्र टाळेबंदीचा काळ आणि पावसाळे वगळता गेली नऊ वर्षे, महिन्यातून निदान दोनदा, केवळ त्यासाठीच तिथे जाते. माझ्याकडे आज मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे २७० अंक आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच बाजारातल्या ताडपत्र्यांवरून उचललेले आहेत. म्हणून या बाजाराविषयी, निव्वळ संग्राहकाच्या नजरेतून, सविस्तर लिहावेसे वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकते. जुने अंक कमी पैशांत हवे असतील आणि त्यासाठी अख्खी सकाळ धुळीत बसून घालवण्याची तयारी असेल, तर महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही. एखादा ठरावीक अंकच हवा असेल आणि तो या महिन्यातच हवा असेल, तर मात्र इथे येऊन निराशाच पदरी पडेल, कारण इथे काय येईल हे विकणाऱ्यांनाही आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसते.

इंद्रजालची थोडी माहिती इथेच द्यायला हवी, कारण ती ठाऊक नसेल तर ढिगासमोर बसून काहीही उमगत नाही. टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्या अंकात वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, पट्ट्याची गोष्ट होती आणि सुरुवातीचे ३२ अंक वेताळाचेच होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर हा अस्सल भारतीय नायक आला. मासिक म्हणून निघालेली ही मालिका आधी पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाली, आणि १९९० मध्ये बंद पडली. साताऱ्याच्या एसटी स्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून माझे वडील दर शनिवारी एक अंक आणत असत. ते सगळे अंक आम्ही घर बदलताना रद्दीत गेले. ते मला परत हवे आहेत, आणि तेही मराठीतलेच हवे आहेत, कारण वेताळ माझ्याशी इंग्रजीत कधी बोललेला नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे ती क्रमांकांची. १९८२ पर्यंतच्या अंकांवर सरळ चढता क्रमांक असे, आणि १९८३ पासून खंड २०, अंक १ अशी नवी पद्धत सुरू झाली. त्यामुळे मुखपृष्ठ फाटलेले असले तरी आतल्या बारीक अक्षरांतल्या ओळीवरून अंक कोणत्या काळातला आहे हे ओळखता येते. या मालिकेचे एकूण ८०३ अंक निघाले. क्रमांक १२३ आणि १२४ मात्र संपामुळे कधी प्रसिद्धच झाले नाहीत. मी स्वतः दीड वर्ष माझ्या वहीत त्या दोन क्रमांकांपुढे प्रश्नचिन्ह ठेवून होते. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याने हे दोन क्रमांक यादीतून आधीच खोडून टाकावेत.

आता प्रत्यक्ष बाजार. कॉमिक्सचे असे वेगळे दुकान इथे नाही. जुनी पुस्तके आणि मासिके विकणारे काही विक्रेते ठरलेल्या जागी बसतात आणि त्यांच्याकडे कॉमिक्स इतर रद्दीच्या पोटात दडलेली असतात. दिवाळी अंक, शिवणकामाची पुस्तके, अभियांत्रिकीच्या नोट्स आणि जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे उपसल्याशिवाय ती हाती लागत नाहीत. याखेरीज भांडी किंवा घड्याळे विकणाऱ्यांकडेही कधीमधी एखादी पिशवी असते, कारण कुणाचे जुने घर रिकामे झाले की सामान एकगठ्ठा उचलले जाते आणि पुस्तके भांड्यांबरोबरच येतात. माझे सर्वांत चांगले अंक अशाच ठिकाणी मिळाले आहेत. ज्याचा धंदा पुस्तकांचा नाही, त्याला अंकाच्या किमतीची फिकीर नसते. त्याला पिशवी रिकामी करायची असते.

गेल्या जानेवारीतल्या एका बुधवारी कुलपे आणि बिजागऱ्या विकणाऱ्या एका काकांच्या ताडपत्रीच्या कडेला, तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेला एक जाड ठोकळा मला दिसला. उचलून पाहिला, तर ते मराठी इंद्रजालचे पाच अंक होते आणि जाड दोऱ्याने एकत्र शिवलेले होते. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का होता, त्यातले फक्त ‘फिरते वाचनालय’ एवढेच शब्द वाचता येत होते, आणि आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीने पैशांचा आकडा लिहिला होता. दिवसाच्या भाड्याने अंक देणारी वाचनालये आपला माल टिकावा म्हणून असे शिवून घेत. शिवल्यावर कडा सारख्या करण्यासाठी कातर मारलेली होती, तिच्यात उजव्या बाजूच्या संवादांच्या दोन-चार फुग्यांमधली शेवटची अक्षरे गेली होती. पण मुखपृष्ठे पाचही जागेवर होती आणि रंग तर काल छापल्यासारखे होते, कारण मधली पाने चाळीस वर्षे उजेडापासून दूर राहिली होती. काकांनी अडीचशे सांगितले, मी दोनशेला घेतले. म्हणजे अंकाला ४० रुपये पडले.

तो ठोकळा उसवून अंक सुटे करावेत का, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या ओळखीचे अनेक संग्राहक तसे करतात आणि सुटे अंक पिशव्यांत घालतात. मी तो तसाच ठेवला आहे. दोरा काढला तर पाठीवर भोकांची रांग उरते, आणि मुख्य म्हणजे ते अंक हातोहात कसे फिरले याचा तो शिक्का आणि ती शिवण हाच एकमेव पुरावा आहे. मात्र विकताना अशा बांधीव अंकांची किंमत सुट्यांच्या निम्मीच धरली जाते. ज्याला पुढे विकायचे आहे त्याने बांधीव अंक घेऊ नयेत, आणि ज्याला वाचायचे आहे त्याने ते अवश्य घ्यावेत, कारण स्वस्तात पूर्ण आणि स्वच्छ प्रत मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

सुट्या अंकांची पारख हा वेगळा विषय आहे, आणि या बाजारात परत घेण्याची सोय नसल्यामुळे ती तिथेच, उकिडवे बसून करावी लागते. सर्वांत आधी मधले पान पाहावे. ३२ पानी अंक आठ मोठे कागद एकात एक घालून पिनांनी टाचलेला असतो. पिना गंजल्या की सर्वांत आतला कागद आधी सुटतो, आणि त्या एका कागदावर १५ ते १८ अशी चार पाने असतात. अंक मध्यावर उघडावा आणि चौदाव्या पानानंतर पंधरावेच आहे ना, हे पाहावे. एरवी अगदी देखण्या दिसणाऱ्या अंकात ही चार पाने नसल्याचे घरी आल्यावर कळते, आणि वेताळ नेमका खिंडीत अडकलेला असतानाच गोष्ट पुढे उडी मारते. त्यानंतर मलपृष्ठ उलटून पाहावे, कारण जाहिरातीतले कूपन कापून पाठवण्याच्या नादात लहान मुलांनी मागच्या बाजूच्या चित्रालाही चौकोनी खिडकी पाडलेली असते. मग पाठीच्या घडीवर कसर लागली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. पुण्याची हवा कोरडी असल्याने इथल्या घरांतून आलेले अंक बहुधा ठणठणीत असतात. कोकणातून किंवा मुंबईतून आलेले अंक मात्र पिनांभोवतीच्या तांबूस डागांवरून आणि दमट वासावरून लगेच ओळखू येतात.

मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेले नाव मला अजिबात खटकत नाही. एका मँड्रेकच्या अंकावर कुणीतरी गोल अक्षरांत ‘इयत्ता पाचवी ब’ असे लिहिले आहे आणि खाली तीन भावंडांची नावे उतरत्या क्रमाने आहेत. परदेशी संग्राहकांच्या मोजपट्टीवर अशा प्रतीची श्रेणी घसरते. ती मोजपट्टी मराठी इंद्रजालला लावण्यात अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत आहे, कारण न हाताळलेली प्रत जवळजवळ अस्तित्वातच नाही.

भाव कसा करावा, याविषयी मी अनुभवाने दोन-तीन गोष्टी शिकले आहे. रविवारी गर्दी दांडगी असते, मोबाइलवर किमती शोधून आलेले फेरविक्रेते असतात आणि विक्रेतेही ताठर असतात. बुधवारी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास पोहोचावे. भवानी व्हायची असते, आणि पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतू नये असे विक्रेत्याला मनापासून वाटत असते. आपल्याला हव्या असलेल्या अंकांची यादी वहीत असावी, पण वही ताडपत्रीसमोर उघडू नये. एक अंक उचलून आनंदाने निरखत बसले की त्याच अंकाची किंमत दुप्पट होते, हे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे.

सर्वांत मोठी बचत होते ती सगळा गठ्ठा घेण्यात. मागच्या मार्चमध्ये एका विक्रेत्याकडे २२ अंकांचा गठ्ठा होता. सुट्या अंकाला तो दीडशे सांगत होता. “ताई, निवडत बसू नका, सगळा गठ्ठा उचला, बावीसशे द्या,” असे तो म्हणाला. मी सगळे अंक शांतपणे मोजले आणि पाहिले. चारांना मुखपृष्ठ नव्हते, तिघांचे मधले कागद गेले होते, आणि उरलेल्या १५ पूर्ण अंकांपैकी नऊ माझ्याकडे नव्हते. “काका, सात तर फाटके निघाले, अकराशे देते,” असे म्हणून मी पैसे पुढे केले, आणि थोड्या घासाघिशीनंतर तो तयार झाला. माझ्याकडे आधीपासून असलेले सहा अंक मी पुढच्या महिन्याभरात ओळखीच्या संग्राहकांना शंभर-शंभर रुपयांना दिले. म्हणजे नवे नऊ अंक मला निव्वळ ५०० रुपयांत, एकेक सुमारे ५५ रुपयांना पडले. सात फाटक्या अंकांपैकी मुखपृष्ठ नसलेल्या एकाचा मधला कागद माझ्या घरच्या एका अपुऱ्या अंकाला तंतोतंत लागला. म्हणूनच मी सांगते की फाटका अंकही सहसा टाकून देऊ नये.

अमर चित्र कथेचे अंक इंद्रजालपेक्षा कितीतरी अधिक मिळतात, पण तिथे घाई करू नये. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका पुन्हा पुन्हा छापली गेली आहे, त्यामुळे जुने दिसणारे प्रत्येक पुस्तक जुने असतेच असे नाही. प्रकाशक म्हणून इंडिया बुक हाउसचे नाव असेल आणि मालिकेचा क्रमांक ५०१ च्या आतला असेल, तर ती प्रत जुन्या मालिकेतली समजावी. नंतरच्या पुनर्मुद्रणांचे क्रमांक ५०१ पासून पुढे दिलेले आहेत. क्रमांक ११ चा, राम वाईरकरांच्या चित्रांचा ‘कृष्ण’ हा या मालिकेचा खरा आरंभ मानला जातो, कारण पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. साध्या जुन्या मराठी प्रतीला मी ३० ते ५० रुपयांपेक्षा अधिक देत नाही. चांदोबाचे अंकही त्याच ढिगांत असतात. चांदोबा कॉमिक नव्हे हे खरे, पण झाडावरून प्रेत खांद्यावर टाकून निघालेल्या विक्रमाचे शंकर यांनी काढलेले चित्र पाहिले की हात आपोआप पुढे जातो. मराठी चांदोबा १९५२ पासून निघत होता, तरी साठच्या दशकाआधीचा अंक मला इथे आजवर एकदाही दिसलेला नाही.

इतर ठिकाणांशी तुलना करायची तर मुंबईत हुतात्मा चौकातले आणि माटुंग्याच्या माहेश्वरी उद्यानाजवळचे पदपथावरचे विक्रेते अधिक जाणकार आहेत, पुस्तके नीट लावलेली असतात आणि उभ्याने पाहता येते. पण मला तिथे बहुतेक इंग्रजी अंकच मिळाले, आणि विक्रेत्याला किंमत पक्की ठाऊक असल्याने हाती स्वस्तात काही लागले नाही. दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा पुस्तक बाजार २०१९ मध्ये पदपथावरून महिला हाटच्या आवारात गेला. हिंदी इंद्रजाल, डायमंड आणि राज कॉमिक्स शोधणाऱ्यांनी तिथे जावे, मराठी शोधणाऱ्यांनी नाही.

इंटरनेटवरून अंक मागवण्याचा माझा अनुभव कडवट आहे. एका विक्रेत्याने ‘पूर्ण, उत्तम स्थिती’ असे लिहून बहादूरचा एक अंक ६५० रुपयांना पाठवला. छायाचित्रात मुखपृष्ठ झळाळत होते. अंक हातात आल्यावर कळले की ते मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्स होते. जुन्या छपाईत शाई कागदात मुरलेली असते. झेरॉक्सचा रंग कागदाच्या वर बसतो, बोटाला गुळगुळीत लागतो आणि घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. तक्रार केल्यावर उत्तरच आले नाही. तेव्हापासून ज्या अंकाच्या पाठीवरून मला स्वतः बोट फिरवता येत नाही, त्यासाठी दोनशेच्या वर पैसे मी मोजत नाही.

जुन्या बाजारात गैरसोयी पुष्कळ आहेत आणि त्या मला झाकायच्या नाहीत. डोक्यावर सावली नाही, धूळ प्रचंड आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची नीट सोय नाही, ही मला सर्वांत जाचणारी अडचण आहे. मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकावर उतरून चालत येणे सर्वांत सोयीचे पडते. रविवारी पाकीट सांभाळावे लागते. अवकाळी पावसाचा शिडकावा झाला की विक्रेते भांड्यांआधी यंत्रे झाकतात आणि पुस्तके सर्वांत शेवटी. एकदा वेताळाच्या तीन अंकांचा लगदा होताना मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि ते अंक आजही माझ्या यादीत न मिळालेल्यांतच आहेत. विक्रेत्यांचे वागणे मात्र, मी बाई आहे आणि एकटी येते हे धरूनही, नऊ वर्षांत कधी वावगे वाटले नाही. दोघेतिघे तर आता माझ्यासाठी पिशवी बाजूला काढून ठेवतात, आणि त्यांच्याशी मी फार घासाघीस करत नाही.

घरी आणल्यावर अंक लगेच कपाटात ठेवू नयेत. मी ते आठवडाभर खोलीत सावलीत मोकळे पसरून ठेवते आणि मऊ ब्रशने घडीतली धूळ आणि कसरीची अंडी झाडते. गंजलेल्या पिनांची टोके आतून बोथट सुरीने सरळ करून पिना काढून टाकते आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवते. सेलोटेप चुकूनही वापरू नये, कारण काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन चित्रात उतरतो. अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, उभे ठेवावेत, आणि कपाटात वेखंडाची पुरचुंडी अंकांना न टेकेल अशी ठेवावी. एका अंकाच्या पिशवी-पुठ्ठ्याचा खर्च मला दहा-बारा रुपये येतो. अंकाची किंमत ठरवताना मी तोही धरते. म्हणजे मार्चमधले ते नऊ अंक ५५ चे नव्हे, तर ६५ ते ६७ रुपयांचे झाले.